बी कुणाचं, शेत कुणाचं?

इन्स्टाग्रामवर एक रील दर काही महिन्यांनी नव्या आवाजात परत येतं. काळ्या पडद्यावर शेपट्या हलवत सुसाट निघालेले शुक्राणू आणि मागून घोगरा, भारदस्त आवाज. सांगतो काय, तर तू जन्माला यायच्या आधीच कोट्यवधींना हरवलं आहेस, तू जन्मजात विजेता आहेस, मग सोमवारच्या मीटिंगला काय घाबरतोस! शेवटी एक शुक्राणू भल्यामोठ्या गोल पेशीत घुसतो, उजेडाचा स्फोट होतो आणि खाली कुठल्यातरी कोर्सची लिंक येते.

रील मजेशीर आहे. पण दोनदा बघितलं की प्रश्न पडतो. यातला 'तू' म्हणजे तो शुक्राणूच का? ती गोल पेशी 'तू' का नाही? २३ गुणसूत्रं शेपटीवाल्याकडून आली, तशीच २३ त्या गोल पेशीतूनही आली. शिवाय गर्भाने पहिले काही दिवस ज्या शिदोरीवर काढले, ती बहुतेक सगळी तिचीच होती. तरी गोष्ट सांगायला बसलं की आपण न ठरवता कॅमेरा शुक्राणूच्या खांद्यावर लावतो. ती येते थेट शेवटी, बक्षीस म्हणून.

हा कॅमेरा तिथे आला कसा, याचा इतिहास अडीच हजार वर्षांचा आहे. फलन, म्हणजे स्त्रीची एक पेशी आणि पुरुषाची एक पेशी मिळून नवा जीव सुरू होणं, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष बघून समजून घेतली त्याला जेमतेम दीडशे वर्षं झालीत, आणि तीही आधी माणसात नव्हे, समुद्रातल्या प्राण्यांत. त्याआधी आपण ती न बघताच समजावून सांगत होतो. न बघितलेली गोष्ट समजावायला उपमा लागते. आणि उपमा एकदा पक्की बसली, की पुढे पुरावा समोर आला तरी डोळे उपमेतूनच बघतात.

पायाखालची उपमा

शेती करणाऱ्या समाजाला ही उपमा शोधावी लागली नाही. ती पायाखालीच होती. पुरुष बी पेरतो, बाई म्हणजे शेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हे थेट सांगितलंय. स्त्री क्षेत्र, पुरुष बीज. दोघांत श्रेष्ठ कोण याची चर्चाही तिथे आहे, आणि कौल बीजाच्या बाजूने जातो. कारण सरळ आहे, जे पेरावं तेच उगवतं.

अडचण अशी की ही उपमा नुसती उपमा राहिली नाही, तिचा कायदा झाला. शेत म्हटलं की शेताचा मालक आला. मालकाच्या शेतात दुसऱ्याने पेरलं तर पीक कुणाचं? यातून 'क्षेत्रज' पुत्राची व्यवस्था आली. महाभारतात धृतराष्ट्र आणि पांडू व्यासांपासून झाले, पण वंश मात्र विचित्रवीर्याचा धरला गेला. आणि शेत नापीक निघालं तर? त्याच नवव्या अध्यायात बायको वंध्या असेल तर आठव्या वर्षी दुसरी करायची मुभा आहे. नवऱ्यातच बीज नसेल तर काय? तर अशा नवऱ्याचा तिटकारा करणाऱ्या बायकोला टाकू नये, तिची मालमत्ता काढून घेऊ नये, एवढी सवलत आहे. तिने दुसरा नवरा करावा असं मात्र नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने सुताराची उपमा वापरली. स्त्री लाकूड पुरवते, पुरुष सुतार. सुतार खाटेत स्वतःचं सामान घालत नाही, तो आकार देतो. म्हणजे माल बाईचा आणि कल्पना पुरुषाची.

प्राचीन लोकांना दुसरं काही सुचलंच नव्हतं असंही नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला आईकडून काय मिळतं आणि वडिलांकडून काय मिळतं याच्या याद्याच आहेत. त्वचा, रक्त, मांस, हृदय हे आईकडून. केस, नखं, दात, हाडं हे वडिलांकडून. तपशील आज टिकत नाहीत, पण ढाचा बघा. दोघंही काहीतरी देतात. ग्रीकांमध्येही हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य दोघांचं बीज मानत. म्हणजे दोन्ही मॉडेल्स बाजारात होती. वैद्यांनी दोघांचा वाटा मांडला, पण घराघरात आणि वारसाहक्कात चाललं ते बी आणि शेतच.

डेल्फ्टमधलं भिंग

आता थेट सतराव्या शतकात जाऊ, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात, कारण बघायची साधनं इथे तयार झाली. तिथला एक तरुण डॉक्टर, रेनिए द ग्राफ, सशांवर काम करत होता. १६७२ साली त्याने स्त्रीच्या जननेंद्रियांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात म्हटलं, की अंडाशयावर दिसणारे फुगीर थेंब म्हणजेच अंडी. तो थोडक्यात चुकला. ते थेंब म्हणजे अंड्याभोवतीच्या पिशव्या, ज्यांना आजही त्याच्या नावाने ग्राफियन फॉलिकल म्हणतात. पण दिशा बरोबर होती. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो वारला. मरायच्या काही महिने आधी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्या गावातल्या एका कापड व्यापाऱ्याची ओळख करून दिली होती. हा माणूस भिंगं फार छान घासतो, याच्याकडे लक्ष द्या.

तो व्यापारी म्हणजे आंतोनी फान लेवेनहुक. १६७७ साली एका वैद्यकीय विद्यार्थ्याने त्याच्याकडे एका रुग्णाच्या वीर्याचा नमुना आणला. त्यात काहीतरी वळवळत होतं. ते आजारामुळे आहे की निरोगी माणसातही असतं, हे बघायला लेवेनहुकने स्वतःचं वीर्य तपासलं. रॉयल सोसायटीला कळवताना त्याने मुद्दाम खुलासा केला, की हा नमुना पापाचरणाने मिळवलेला नाही, बायकोशी रीतसर संबंधानंतरचा आहे, आणि नाडीचे सहा ठोके पडायच्या आत भिंगाखाली नेलेला आहे. हे छापणं विद्वानांना किळसवाणं वाटलं तर दडपून टाका, असंही त्याने लिहिलं. त्यांनी दडपलं नाही.

एका थेंबात हजारो शेपटीवाले जीव! ज्याला हजारो वर्षं 'बी' म्हटलं होतं ते आता डोळ्यांनी दिसत होतं, आणि वर पळतही होतं. १६९४ मध्ये निकोलास हार्टसूकर याने एक चित्र छापलं. शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस. आपण असं बघितलं असा त्याचा दावा नव्हता. भिंग आणखी चांगलं असतं तर कदाचित असं दिसलं असतं, एवढंच त्याचं म्हणणं. पण चित्र एवढं पटण्यासारखं होतं की ते आजही पाठ्यपुस्तकांत फिरतं.

यातून युरोपात दोन तट पडले. एक म्हणे, अख्खा माणूस आधीच तयार होऊन शुक्राणूत बसलेला असतो. दुसरा म्हणे, शुक्राणूत नाही, अंड्यात. त्या इवल्या माणसाच्या पोटात आणखी इवला माणूस, त्याच्या पोटात आणखी. सगळी मानवजात एकात एक ठेवलेल्या डब्यांसारखी. भांडण शंभर वर्षं चाललं. गंमत म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही तटांना एक गोष्ट मान्य होती. मूल एकाच बाजूकडून येतं. दुसरी बाजू फार तर जागा देते, नाहीतर धक्का.

बेडकांच्या चड्ड्या

अठराव्या शतकात इटलीत लाझारो स्पालांझानी नावाचा धर्मगुरू आणि प्राध्यापक होता. बेडकांचं फलन शरीराबाहेर होतं. मादी पाण्यात अंडी सोडते, नर तिला मिठी मारून त्यांवर वीर्य सोडतो. म्हणजे बघायला सोपं. स्पालांझानीने नर बेडकांना तलम ताफ्त्याच्या घट्ट चड्ड्या शिवून घातल्या. बेडकांनी मिठी मारली, माद्यांनी अंडी घातली, पण एकाही अंड्यातून पिल्लू आलं नाही. मग चड्डीत साचलेले थेंब त्याने दुसऱ्या अंड्यांना लावले. त्यांतून बेडूकमासे आले. म्हणजे संबंध, मिठी, वाफ, गंध, यांतल्या कशानेही काम होत नाही. द्रवाचा अंड्याला प्रत्यक्ष स्पर्श लागतो.

पुढे त्याने तो द्रव गाळला. भरपूर गाळून खाली आलेल्या पाण्याने फलन होईना. गाळणीवर उरलेला चोथा पाण्यात मिसळला तर फलन होई. आज शाळेतलं पोरही सांगेल, गाळणीवर अडकले ते शुक्राणू, म्हणजे काम त्यांचं. स्पालांझानी मात्र अंड्याच्या तटातला होता. सगळा जीव अंड्यातच तयार असतो, यावर त्याचा विश्वास. शुक्राणू म्हणजे वीर्यात राहणारे जंत, हे त्याने आधीच ठरवलं होतं. पुरावा हातात असून त्याने निष्कर्ष काढला की काम द्रवाचंच आहे.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज बघतो. लॉग समोर असतो, एरर लाल अक्षरात असते, पण 'बग त्या फाइलमध्ये असूच शकत नाही' असं ठरवून बसलेला माणूस तीन दिवस भलतीकडेच शोधत राहतो. स्पालांझानीचे तीन दिवस सुमारे चाळीस वर्षं चालले. १८२४ साली प्रेव्हो आणि द्यूमा या जोडीने गाळणीचा प्रयोग पुन्हा नीट केला आणि शुक्राणूंशिवाय फलन होत नाही हे दाखवलं.

आणि अंडं? सस्तन प्राण्याचं खरं अंडं अजून कुणी बघितलंच नव्हतं. स्त्रीबीज ही मानवी शरीरातली सगळ्यांत मोठ्या पेशींपैकी एक. सुमारे ०.१ मिलिमीटर, नीट बघितलं तर नुसत्या डोळ्यांनाही टिंबाएवढं दिसेल असं. तरी इवला शुक्राणू सापडला १६७७ मध्ये, आणि सस्तन प्राण्याचं अंडं १८२७ मध्ये, कार्ल फोन बेअरला, एका कुत्रीच्या अंडाशयात. दीडशे वर्षांचं अंतर! शुक्राणू कोटींनी आणि शरीराबाहेर मिळतात. अंडं साधारण महिन्याला एक, तेही पोटात खोल. सोपं होतं तिथे आधी प्रकाश पडला, आणि प्रकाश पडला तोच नायक झाला.

काटेरी गोळ्यातला पुरावा

दोघं मिळून नेमकं काय करतात हे बघायचं तर पारदर्शक अंडं हवं. ते मिळालं भूमध्य समुद्रात. सी अर्चिन नावाचा काटेरी चेंडूसारखा प्राणी आहे. त्याची अंडी काचेसारखी, आणि समुद्राच्या पाण्याच्या एका थेंबात फलन होतं. जर्मनीचा ऑस्कर हर्टविग १८७५ साली ती अंडी भिंगाखाली घेऊन बसला. शुक्राणू मिसळल्यावर अंड्यात एकाऐवजी दोन केंद्रकं दिसली. एक अंड्याचं स्वतःचं, दुसरं शुक्राणूसोबत आलेलं. ती जवळ सरकली आणि एक झाली. १८७६ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. १८७९ मध्ये स्विस संशोधक हेर्मान फोल याने स्टारफिशच्या अंड्यात शुक्राणू शिरतानाच टिपला. साधारणपणे एकच आत जातो, आणि तो गेला की अंड्याभोवती पडदा उभा राहतो, हेही दाखवलं. १८८३ मध्ये बेल्जियमच्या एदुआर फान बेनेडेनने जंताच्या अंड्यात गुणसूत्रं मोजली. दोन आईकडून, दोन बापाकडून. सारखी.

विज्ञानाच्या दृष्टीने बी आणि शेत ही उपमा इथे संपली. दोन अर्धी मिळून एक. पण ती मेली नाही. तिने कपडे बदलले. विसाव्या शतकातल्या पाठ्यपुस्तकांत शुक्राणू 'मोहिमेवर निघतो', 'अडथळे पार करतो', 'भेदतो'. अंडं 'वाहत येतं', 'वाट बघतं'. १९९१ साली अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ एमिली मार्टिन यांनी अशी वर्णनं गोळा करून लेख लिहिला आणि दाखवलं, की ही जीवशास्त्राची भाषा नाही, परीकथेची आहे. प्रयोगशाळेत वेगळं दिसत असतानाही लिहिताना लोक त्याच गोष्टीकडे वळत होते.

मग प्रत्यक्षात होतं काय?

शर्यत म्हणून बघायला गेलं तर ही फार विचित्र शर्यत आहे. एका वेळी वीस-तीस कोटींपर्यंत शुक्राणू निघतात, पण फलन जिथे होतं त्या गर्भनलिकेच्या भागात काही शेच पोचतात. आणि ते केवळ पोहून जात नाहीत. गर्भाशयाच्या स्नायूंच्या लाटा त्यांना वर नेतात. गर्भाशयाच्या मुखातला चिकट स्राव अंडं सुटायच्या दिवसांतच पातळ होतो, एरवी तो दार लावून बसतो. वर पोचलेले शुक्राणू नलिकेच्या भिंतीला चिकटून तासन्‌तास थांबतात.

का थांबतात? कारण ताजा शुक्राणू फलन करूच शकत नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्यावर, त्याच्या आवरणात बदल झाल्यावरच तो त्या लायकीचा होतो. १९५१ साली अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी हे स्वतंत्रपणे शोधलं. म्हणजे पहिला पोचलेला जिंकतो, हा रीलमधला सगळ्यांत मोठा दावाच पडला. आधी पोचलेले बहुधा फुकट जातात.

पुढचं आणखी भारी आहे. अंड्याभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. २०११ साली दोन गटांनी दाखवलं, की या प्रोजेस्टेरॉनमुळे शुक्राणूच्या शेपटीतली एक विशिष्ट वाहिनी उघडते, कॅल्शियम आत येतं आणि शेपटीचा फटकारा बदलतो. जपानमध्ये २००५ साली शुक्राणूवरचं एक प्रथिन सापडलं. त्याचं नाव इझुमो, तिथल्या लग्न जुळवणाऱ्या प्रसिद्ध देवस्थानावरून ठेवलेलं. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये अंड्यावरचं त्याचं जोडीदार प्रथिन सापडलं. त्याला नाव दिलं जूनो, विवाहाच्या रोमन देवतेचं. उंदरांत यातलं कुठलंही एक काढलं तर फलन होत नाही. इझुमो नसलेला नर आणि जूनो नसलेली मादी, दोघंही निपुत्रिक.

एक शुक्राणू आत आला की अंडं आपल्या आवरणावरचं जूनो गाळून टाकतं आणि बाहेरचं कवच कडक करतं. आमच्या धंद्यात याला लॉक म्हणतात. दोन जणांनी एकाच वेळी एकाच रेकॉर्डवर लिहिलं तर डेटा बिघडतो, म्हणून पहिला आत गेला की दार बंद. दोन शुक्राणू आत गेले तर गुणसूत्रांचा हिशेब कोलमडतो आणि गर्भ टिकत नाही. हे दार सांभाळतं अंडं.

शुक्राणूही नुसता निरोप्या नाही. तो आपल्यासोबत एक प्रथिन आणतो, त्यामुळे अंड्यात कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि अंडं जागं होतं. अंड्याचं स्वतःचं शेवटचं विभाजन तोवर अडून राहिलेलं असतं, ते शुक्राणू आत आल्यावरच पुरं होतं. आणि हर्टविगला सी अर्चिनमध्ये जी केंद्रकं एक होताना दिसली, ती माणसात तशी एक होतही नाहीत. दोन्ही जवळ येतात, त्यांचे पडदे विरतात आणि दोघांची गुणसूत्रं पहिल्या विभाजनासाठी थेट एकाच रांगेत लागतात. सुमारे एका दिवसात एकाच्या दोन पेशी होतात.

एक गोष्ट मला यात सगळ्यांत जास्त आवडते. ज्या अंड्यापासून तुम्ही झालात, ते तयार व्हायला सुरुवात झाली तेव्हा तुमची आई स्वतः गर्भात होती. म्हणजे तुमचं अर्धं मूळ आजीच्या पोटात बसून होतं. शुक्राणू तयार व्हायला लागतात दोन-तीन महिने, अंडं अनेक वर्षं थांबलेलं असतं. वाट बघणं हे काम नाही असं कुणी ठरवलं?

भिंगाशी बसलेल्या बायका

माणसाचं फलन शरीराबाहेर घडवून बघायचं तर कुणीतरी अंडी शोधत, जपत, रात्री-अपरात्री भिंगाला डोळा लावून बसायला हवं होतं. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समध्ये डॉ. जॉन रॉक यांच्या प्रयोगशाळेत हे काम मिरियम मेनकिन करत होत्या. शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयाच्या तुकड्यातून अंडं शोधायचं, धुवायचं, शुक्राणूंसोबत ठेवायचं, रोज बघायचं. सहा वर्षं काही घडलं नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये घरी तान्ह्या मुलीला दात येत होते, मेनकिन यांची झोप झाली नव्हती. नेहमी अंडी आणि शुक्राणू अर्धा तास एकत्र ठेवत, त्या दिवशी पेंगुळलेल्या अवस्थेत तास उलटला. नंतर बघतात तर एका अंड्याच्या दोन पेशी झालेल्या. ऑगस्टमध्ये 'सायन्स' नियतकालिकात रॉक आणि मेनकिन यांच्या नावाने हे छापून आलं. ते खरंच फलन होतं की अंडं आपोआप विभागलं, अशी शंका पुढे काहींनी घेतली. मेनकिन यांना स्वतः ते तपासायची संधी फार मिळाली नाही. त्याच वर्षी नवऱ्याची नोकरी गेली, तो दुसऱ्या राज्यात गेला, त्याच्यामागे त्यांनाही जावं लागलं. तिथे हा विषय काढणंही अभद्र मानलं जाई.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स आणि ओल्डहॅमचे शस्त्रक्रियातज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो यांनी २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राऊनचा जन्म घडवला. हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्यासोबत १९६८ पासून जीन पर्डी होत्या. शिक्षणाने परिचारिका, पदाने प्रयोगशाळेतल्या साहाय्यक, कामाने गर्भतज्ज्ञ. लुईस झालेल्या गर्भाच्या पेशी विभागताना पहिल्यांदा त्यांनी बघितल्या. आईच्या आजारपणात त्या रजेवर गेल्या तेव्हा ओल्डहॅमचं काम थांबलं होतं. रुग्णालयात फलक लावायची वेळ आली तेव्हा एडवर्ड्स यांनी पत्र लिहून आग्रह धरला, की पर्डींचा वाटा माझ्या आणि स्टेप्टोंच्या बरोबरीचा आहे, त्यांचं नाव हवं. फलकावर दोन पुरुषांची नावं आली आणि बाकीचे 'साहाय्यक कर्मचारी' झाले. पर्डी १९८५ मध्ये ३९ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या नावासह फलक लागला २०१५ साली.

आपल्याकडची गोष्ट आणखी कडू आहे. लुईसनंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात दुर्गा नावाने ओळखली गेलेली मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तुटपुंज्या साधनांत ते घडवलं होतं, आणि तेही गर्भ गोठवून ठेवून, मग वितळवून. गोठवलेल्या गर्भापासून झालेल्या ज्या बाळाची पुढे 'जगातलं पहिलं' म्हणून नोंद झाली ते १९८४ चं. राज्य सरकारच्या समितीने मुखोपाध्यायांचा दावा खोटा ठरवला. त्यांना परदेशात आपलं काम मांडायला जाऊ दिलं नाही, शेवटी नेत्रविज्ञानाच्या संस्थेत बदली केली. जून १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं हे काम. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून वर्तमानपत्रांत हर्षाचंच नाव आलं. पुढे आनंद कुमार यांच्या हाती मुखोपाध्यायांच्या नोंदी आल्या. त्यांनी त्या वाचल्या, पडताळल्या, आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की पहिला मान आमचा नाही, त्यांचा आहे. स्वतःच्या नावावरचा 'पहिला' पुसायला मोठं काळीज लागतं. या इतिहासात इतकं सरळ वागणारी माणसं थोडी आहेत.

शब्द आणि चिठ्ठी

हे सगळं आज कशाला, असं वाटेल. माझ्या मित्रमंडळींतलं एक जोडपं मूल होत नाही म्हणून दोन वर्षं फिरत होतं. सोनोग्राफी तिची, रक्त तिचं, नलिकांची तपासणी तिची, गोळ्या तिला, उपास तिला, आणि लग्नाकार्यात नजरा तिच्याकडे. त्याची तपासणी सगळ्यांत शेवटी झाली, कारण 'त्याला काय झालंय' हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं. ती तपासणी म्हणजे एक डबी आणि थोडा वेळ. कारण त्याच्याकडेच होतं, आणि त्यावर उपाय होता. दोन वर्षं मात्र परत आली नाहीत.

हे एकट्या त्यांचं नाही. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा इतर कारणांच्या जोडीने, असतंच. तरी मराठीत 'वांझ' हा शब्द जमिनीला, गाईला आणि बाईला लावतात. ज्या पुरुषाच्या वीर्यात पुरेसे शुक्राणू नाहीत त्याला घरगुती बोलीत शब्दच नाही. 'नपुंसक' म्हणजे वेगळंच, तो शब्द संबंध ठेवता न येण्याबद्दल आहे. ज्याला शब्द नाही त्याला कुणी नावं ठेवू शकत नाही. वांझ जमीन, वांझ बाई. शेत अजून आपल्या जिभेवर आहे.

पण त्याच जिभेवर दुसराही एक शब्द आलाय. कुठल्याही गावातली डॉक्टर आज सहज म्हणते, 'तुमचं स्त्रीबीज तयार झालंय.' स्त्री आणि बीज, एकाच शब्दात. मनूच्या हिशेबात हे बसलंच नसतं. तिथे बीज एकाकडे आणि क्षेत्र दुसरीकडे, अशीच वाटणी होती. हर्टविगच्या काटेरी गोळ्यापासून सुरू झालेला पुरावा या एका शब्दातून परळ-परभणीपर्यंत पोचलाय.

शब्द पोचला, आता चिठ्ठी पोचायची आहे. दवाखान्यात तपासणीची पहिली चिठ्ठी निघते तेव्हा ती एकाच दिवशी दोघांच्या नावाने निघायला हवी.